पाठीतले पाणी

ही गोष्ट आमच्या मेहरूणची आहे. मेहरूण म्हणजे जळगावला लागून असलेले गाव. आता ते शहरातच मिळून गेले आहे. बाहेरचे लोक आम्हांला तलावावरून आणि बोरांवरून ओळखतात. पण आज बोरांची गोष्ट नाही. आज एका तपासणीची गोष्ट सांगायची आहे. तिला लोक फार भितात. मीही भीत होतो.

आठ वर्षांपूर्वीचा पावसाळा. आमच्या शेजारच्या आप्पांचा नातू पाच वर्षांचा होता. त्याचा बाप सुरतेला कामाला. घरात आप्पा, सून आणि हे पोर. दुपारी पोराला ताप आला. संध्याकाळी उलट्या झाल्या. रात्री त्याचे डोळे फिरले, दातखीळ बसली, हातपाय झटकू लागले. माणसे जमली. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. कुणी चप्पल हुंगवली. मी तिथेच होतो. पोर थोडे शांत झाले, तेव्हा मीच म्हणालो, "आता रात्र झाली, सकाळी नेऊ." चाळीस वर्षे मुलांना शहाणपण शिकवणारा माणूस मी, आणि हे बोललो! तासाभराने दुसरा झटका आला. मग मात्र रिक्षा आणली आणि मोठ्या दवाखान्यात गेलो.

तिथे एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी पोराची मान हळूच पुढे वाकवून पाहिली. मान वाकेना. लाकडासारखी ताठ. त्यांनी लगेच सलाईन लावली, औषधाची सुई दिली, आणि आप्पांना म्हणाल्या, "बाबा, पाठीतले पाणी काढून तपासावे लागेल. इथे सही करा."

आप्पा मागे सरले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "गुर्जी, पाठनं पानी काढतस. पोऱ्या लुळा व्हई जाई."

आता हे पाणी म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ.

आपला मेंदू कवटीत कोरडा ठेवलेला नाही. तो पाण्यात तरंगत असतो. नारळाच्या आत पाणी असते ना, तसे समजा. पण इथे पाणी गराच्या बाहेर असते, गर पाण्यात असतो. हेच पाणी खाली पाठीच्या कण्यातही उतरते. मोठ्या माणसात ते सारे मिळून दीडशे मिलिलिटरच्या आसपास भरते. म्हणजे चहाचा एक मोठा कप. पण शरीर ते दिवसभर नवे बनवत राहते आणि जुने रक्तात मुरत राहते. दिवसाला जवळजवळ अर्धा लिटर पाणी नवे होते. तपासणीला डॉक्टर काढतात ते दोन-चार चमचे भरत नाही, लहान मुलाचे तर त्याहून कमी. तेवढे शरीर थोड्या वेळात भरून काढते. विहिरीला झरा असला म्हणजे चार बादल्या उपसल्याने विहीर आटत नाही.

लुळेपणाचे काय? मेंदूतून एक जाड दोरी पाठीच्या कण्यातून खाली येते. तिला मज्जारज्जू म्हणतात. हातापायांना हुकूम याच दोरीतून जातात. पण ही दोरी कण्याच्या टोकापर्यंत जात नाही. कमरेच्या वरच ती संपते. खाली नुसते पाणी आणि त्यात सुटे सुटे धागे असतात. सुई घालतात ती या खालच्या जागी. दोरी तिथे नसतेच, मग तिला इजा कशी होणार? धागे पाण्यात बाजूला सरकतात. काहींचे डोके मात्र काही दिवस दुखते, हे खरे आहे. मेंदूला फार सूज असेल अशी शंका आली तर डॉक्टर आधी डोक्याचा फोटो काढतात आणि मग ठरवतात. हे काम नवे नाही. जर्मनीतल्या क्विंके नावाच्या डॉक्टरांनी 1891 साली ही रीत दाखवली.

तरी लोकांना का वाटते की पाणी काढल्याने माणूस लुळा होतो? मला वाटते त्याचे कारण असे. ज्याचे पाणी काढतात तो आधीच मेंदूच्या जबर आजारात असतो. त्यातले काही दगावतात, काही अधू होतात. लोक सुई पाहतात, आजार त्यांना दिसत नाही. मग बोल सुईवर येतो.

डॉक्टरबाईंनी यातले बरेचसे आप्पांना सांगितले, तेही घाईत. आप्पांनी सुरतेला फोन लावला. तिकडून नीट आवाज येईना. शेवटी ते माझ्याकडे बघत राहिले. मला माझा धाकटा भाऊ आठवला. त्याचे पुढे सांगतो. मी म्हणालो, "आप्पा, करा सही." त्यांनी अंगठा केला.

पाणी निघाले ते ताकाच्या निवळीसारखे गढूळ होते. निरोगी माणसाचे हे पाणी विहिरीच्या पाण्यासारखे नितळ असते.

शेतकऱ्याला मी खुणा काय शिकवणार? केळीच्या पानावर पिवळे पट्टे दिसले की रावेर-यावलचा माणूस लांबून सांगतो, हा हरण्या. हा रोगही विषाणूचाच आहे. विषाणू डोळ्यांना दिसत नाही, पण पानावरची खूण दिसते. कपाशीचे पान लाल पडले, बोंडाला छिद्र दिसले, तर आत काय चालले आहे ते तुम्ही ओळखता. माणसाच्या शरीरातही रोग खुणा सोडतो. काही अंगावर दिसतात, काही रक्तात आणि पाण्यात असतात. या आतल्या खुणा मोजता येतात. शास्त्रज्ञ त्यांना जैवखुणा म्हणतात.

पाठीतल्या पाण्यात पहिल्यांदा चार गोष्टी बघतात. पाणी नितळ आहे की गढूळ. त्यात पांढऱ्या पेशी किती आहेत. प्रथिने किती आहेत. आणि साखर किती आहे. साखरेची खूण मला फार आवडली. निरोगी माणसाच्या रक्तात जेवढी साखर असते, तिच्या सुमारे दोन तृतीयांश या पाण्यात असते. जिवाणू नावाचे जंतू आत शिरले म्हणजे साखर एकदम खाली येते. पांढऱ्या पेशी, ज्या एरवी चार-पाचच सापडतात, त्या हजारांनी वाढतात. म्हणजे हा पू झाला. पण आत विषाणू असेल तर पाणी बहुतेक नितळच राहते, साखर फारशी उतरत नाही, पेशी वाढतात पण इतक्या नाहीत. क्षयाचा जंतू असेल तर साखर उतरते, पण आजार दिवसेंदिवस सावकाश चढत आलेला असतो.

हा फरक का पाहिजे? बाहेरून सगळे सारखेच दिसते. ताप, उलटी, झटके, बेशुद्धी. डोक्याच्या मलेरियातही तेच होते. म्हणून रक्ताचा थेंब घेऊन मलेरियाही बघतात. पण औषध निराळे. जिवाणूला मारणारी औषधे आहेत आणि ती वेळेवर पोचली तर माणूस वाचतो. क्षयाला निराळी औषधे, आणि ती महिनोन् महिने. मलेरियाला आणखी निराळी. विषाणूंपैकी एकदोघांवरच औषध आहे, बाकीच्यांवर नाही. डॉक्टर पहिले औषध तपासणीची वाट न बघता सुरू करतात, कारण थांबायला वेळ नसतो. पण पुढे कोणते चालू ठेवायचे आणि किती दिवस, हे पाण्यावरून ठरते.

आप्पांच्या नातवाला जिवाणूचा आजार निघाला. दोन आठवडे सुया चालल्या. पोर घरी आले. एका कानाने त्याला कमी ऐकू येते. या रोगात कान जाण्याची भीती असतेच. औषध लवकर मिळाले असते तर कान वाचला असता का, हे मला कुणी ठामपणे सांगितलेले नाही. पण वर्गात तो पहिल्या बाकावर बसतो, आणि मला त्या रात्रीचे माझे वाक्य आठवते.

पाणी नितळ निघाले असते तर? मग शंका विषाणूची आली असती. आणि विषाणूचे बोलायचे तर आपल्या महाराष्ट्राचेच नाव घेतलेला एक विषाणू आहे. त्याचे नाव चांदीपुरा.

1965 साली नागपूरकडे तापाची मोठी साथ होती. डेंगू आणि चिकुनगुनियाची. रोग्यांच्या रक्ताचे नमुने पुण्याला गेले. पुण्यात 1952 साली विषाणू संशोधन केंद्र निघाले होते. भारत सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून ते काढले. आज त्यालाच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतात. तिथे दोन रोग्यांच्या रक्तात एक वेगळाच विषाणू सापडला. तो डेंगूचाही नव्हता आणि चिकुनगुनियाचाही नव्हता. जिथले रोगी होते त्या जागेवरून त्याला चांदीपुरा हे नाव पडले. भट्ट आणि रॉड्रिग्ज या शास्त्रज्ञांनी 1967 साली त्याची माहिती छापली. पुढे 1970 साली औरंगाबादकडे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरकडे, वाळूमाशीच्या अंगात हाच विषाणू सापडल्याचे छापून आले. औरंगाबाद म्हणजे अजिंठ्याचा घाट उतरला की आपला जळगाव जिल्हा.

पण त्या काळी या विषाणूला कुणी फारसे मोजले नाही. साधा ताप आणतो, असेच वाटले. पुढे कित्येक वर्षांनी त्याने रूप दाखवले. 2003 साली जून ते ऑगस्ट या महिन्यांत आंध्र प्रदेशात 329 मुलांना मेंदूज्वर झाला आणि त्यांतली 183 दगावली. सकाळी खेळणारे मूल दुसऱ्या दिवशी नाही, असा तो आजार. महाराष्ट्रातही त्या वर्षी मुले गेली. पुण्याच्या संस्थेने नमुने तपासले. विषाणू वाढवून मोठ्या सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिला, तर बंदुकीच्या गोळीसारखा आकार. तो चांदीपुरा निघाला. सगळ्याच डॉक्टरांना हे पटले नाही, वाद झाला. 2004 साली गुजरातेत, 2007 साली नागपूर विभागात पुन्हा साथ आली. अगदी अलीकडे, 2024 सालच्या पावसाळ्यात, गुजरात आणि आसपास मेंदूज्वराचे 245 रोगी नोंदले गेले, 82 दगावले. त्यांतल्या 64 जणांत चांदीपुरा पक्का सापडला. बाकीच्यांत तो सापडला नाही.

माझा भाऊ 1967 सालच्या पावसाळ्यात गेला. चार वर्षांचा होता, मी नऊ वर्षांचा. दुपारी ताप, रात्री झटके, पहाटे संपले. झपाटले म्हणाले. भगताला बोलावले होते, तो पोचायच्या आत सगळे झाले. चांदीपुरा होता असे मी म्हणत नाही. कदाचित मलेरिया असेल, कदाचित आप्पांच्या नातवासारखाच बरा होणारा आजार असेल. कुणी तपासले नाही, म्हणून कुठे लिहिलेले नाही. माझी आई मरेपर्यंत समजत होती की तिने त्याला तिन्हीसांजेला चिंचेखालून नेले म्हणून तो गेला.

आता विषाणू ओळखतात कसा, ते सांगतो. दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता शरीराच्या शिपायांचा. विषाणू आत आला की शरीर त्याच्याविरुद्ध खास पदार्थ तयार करते. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. आधी कच्चे शिपाई येतात, काही दिवसांनी पक्के. कच्चे शिपाई दिसले तर लढाई आत्ताची आहे. फक्त पक्के दिसले तर लढाई जुनी. तपासणी करताना प्लास्टिकच्या छोट्या खळग्यांत रक्ताचा अंश टाकतात. त्यात शिपाई असतील तर रंग चढतो. डेंगू, चिकुनगुनिया आणि जपानी मेंदूज्वराचे असे संच पुण्याची संस्था तयार करून देशभर पाठवते.

पण चांदीपुरा इथे चकवतो. शिपाई तयार व्हायला चार-पाच दिवस लागतात, आणि मूल तर एकदोन दिवसांत जाते. मग दुसरा रस्ता धरावा लागतो, खुद्द विषाणूला पकडण्याचा. 2020 साली करोनाच्या वेळी तुमच्या नाकात कापसाची काडी घातली होती ना? ती हीच तपासणी. प्रत्येक विषाणूच्या पोटात त्याचा स्वतःचा मजकूर असतो. नमुन्यात तो इतका थोडा असतो की दिसत नाही. म्हणून यंत्रात त्याच्या नकला करतात. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. तुम्ही पाढे शिकला आहात, करून बघा. तीस वेळा दुप्पट केले की एकाचे शंभर कोटींच्या वर होतात. ही युक्ती मलिस नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1983 साली काढली. मजकूर वाढला की ओळखता येतो.

यात एक अडचण आहे. विषाणूचा हा मजकूर फार नाजूक असतो. नमुना उन्हात राहिला तर खराब होतो. तो बर्फात ठेवून न्यावा लागतो. आणि रक्तात विषाणू थोडेच दिवस सापडतो. म्हणून ज्याने तिसऱ्या दिवशी दवाखाना गाठला, त्याच्या नमुन्यात कधी काहीच सापडत नाही, आणि आजार मात्र असतो.

कुत्र्याचे इथेच सांगून टाकतो. पिसाळलेल्या कुत्र्याचा विषाणू हा चांदीपुऱ्याच्याच कुळातला, तोही गोळीच्या आकाराचा. कुत्रा चावल्यावर लोक विचारतात, "रक्त तपासून सांगा, रोग झाला का." त्या रोगाची लक्षणे दिसण्याआधी तो दाखवणारी तपासणी माणसासाठी नाही. आणि लक्षणे दिसल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. तिथे तपासणीची वाट बघायचीच नाही. जखम साबणाने पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायची.

शास्त्रज्ञ आता आणखी एका गोष्टीच्या मागे आहेत. पाठीतले पाणी काढायला मोठा दवाखाना लागतो. आरोग्य उपकेंद्रात ते होत नाही. मग मेंदूची खबर बोटाच्या रक्तातून मिळेल का? मेंदूच्या पेशींना बारीक धाग्यांचा आधार असतो. पेशी मोडली की त्या धाग्यांचा भुगा आधी पाण्यात आणि मग थोडासा रक्तात उतरतो. लाकूड कोरणारा किडा दिसत नाही, पण खाली पडलेला भुसा दिसतो, तसे. हा भुगा मोजणारी यंत्रे आता निघाली आहेत. मेंदूला किती इजा झाली, हे त्यावरून अजमावता येते. पण इजा कशाने झाली, ते भुसा सांगत नाही. विषाणूनेही होते, अपघातानेही होते, म्हातारपणच्या विसराळूपणाच्या रोगातही होते. म्हणून ही एकटी खूण पुरत नाही, आणि पाठीतल्या पाण्याची जागा तिने अजून घेतलेली नाही.

चांदीपुऱ्यावर अजून खास औषध नाही, लसही नाही. तरी दवाखान्यात ताप उतरवतात, झटके थांबवतात, श्वास चालू ठेवतात, आणि त्यावर कित्येक मुले तरतात. म्हणून वेळ महत्त्वाची. झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा नको, चप्पल नको. गळ्याजवळचे कपडे सैल करा आणि 108 ला फोन लावा. ताप किती वाजता आला आणि झटका किती वेळ राहिला, हे कागदावर लिहून न्या. डॉक्टर ते आधी विचारतात.

वाळूमाशी तुम्ही पाहिली असेल, पण डास समजून सोडली असेल. ती डासाच्या पाव-तिसऱ्या हिश्शाएवढी, अंगावर केस, पंख उभे धरून बसते. फार उंच उडत नाही, उड्या मारल्यासारखी जाते. दिवसा ती मातीच्या भिंतीच्या भेगांत आणि गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत दडते, रात्री चावते. तिची अंडी पाण्यात नसतात. शेण-कचरा मिसळलेल्या ओल्या मातीत असतात. म्हणून नुसती डबकी बुजवून ती जात नाही. पावसाळ्याआधी भेगा लिंपाव्यात, गोठ्यातले शेण रोज लांब टाकावे. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रातून ती आत शिरते, तेव्हा औषध लावलेली मच्छरदाणी घ्यावी. फवारणीवाले आले की आपल्या भागातले काही लोक दार लावून घेतात, भिंती खराब होतात म्हणून. भिंत पुन्हा सारवता येते.

शेवटी चिठ्ठीचे. तपासणीच्या कागदावर 'पॉझिटिव्ह' असे लिहिले तर आनंदू नका. त्याचा अर्थ, जे शोधत होते ते सापडले. 'निगेटिव्ह' म्हणजे सापडले नाही. आजार नाही असा त्याचा अर्थ दर वेळी नसतो. नमुना उशिरा घेतला असेल, किंवा दुसराच विषाणू असेल. कागदावर नाव, वय आणि नमुना घेतल्याची तारीख आधी वाचा.

आप्पा पुढे आमच्या रात्रीच्या वर्गाला येऊ लागले. नातवाची चिठ्ठी त्यांनी रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवली आहे. गेल्या महिन्यात ती घेऊन आले. पाण्याच्या रंगापुढे लिहिलेला शब्द त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचला, "ग-ढू-ळ." मग बराच वेळ कागद हातात धरून बसले. नंतर मला म्हणाले, "गुर्जी, साखरेचा आकडा कोणता तो दाखवा."